बंद पेटीला पाडलेलं भोक

घरात जुने स्पीकर आहेत आणि ते जरा सुधारून घ्यावेत असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझ्याकडची जोडी मी सुधारायला घेतली आणि बिघडवत नेली. जे बिघडलं त्यातलं बरंचसं परत जागेवर आलं, सगळं आलं नाही. का बिघडलं ते मात्र आता मला नीट कळलं आहे.

जोडी मामांची. १९७०च्या दशकात ते नोकरीसाठी अमेरिकेत होते आणि परतताना अकॉस्टिक रिसर्च या कंपनीचे एआर-४एक्स नावाचे दोन स्पीकर घेऊन आले. दादरच्या घरात ते पुस्तकांच्या कपाटावर असायचे. सुट्टीत मामांकडे गेलो की भीमसेन, कुमार, किशोरीताई मी त्याच पेट्यांतून ऐकले. दिसायला साध्या पेट्या: अक्रोडाच्या लाकडाचं पातळ अस्तर, पुढे जाडंभरडं कापड, उंची दीड फुटाहून जराशी जास्त. मामा गेल्यावर मामी म्हणाल्या, "तुलाच नाद आहे ऐकण्याचा, तूच ने." देवगिरी एक्स्प्रेसने परभणीपर्यंत आणि तिथून टेम्पोने मी त्या आमच्या गावी, नरसीला आणल्या.

या पेट्यांमागचा विचार काय होता, हे मी सगळं करून बसल्यावर वाचलं. खरं तर वाचायचं आधी आणि पाना-पक्कड हातात घ्यायची नंतर. एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस या दोघांनी १९५४ साली अमेरिकेतल्या केंब्रिज गावी ही कंपनी काढली. तोवर चांगला खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागते, असं सगळे धरून चालत. स्पीकरचा कोन आत-बाहेर हलतो. त्याला पुन्हा जागेवर आणायचं काम त्याच्या कडेची घडी आणि मागची कापडी चकती करतात. व्हिलचर यांनी ही घडी मुद्दाम ढिली ठेवली आणि जागेवर आणायचं काम पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवलं. कोन आत गेला की हवा दाबली जाते आणि त्याला बाहेर लोटते. कोन बाहेर आला की आतली हवा विरळ होते आणि बाहेरची हवा त्याला आत ढकलते. कागदाच्या किंवा कापडाच्या घडीपेक्षा हवेचा हा स्प्रिंग फार एकसारखा वागतो. त्यामुळे खर्ज स्वच्छ येतो आणि पेटी लहान चालते. अट एकच, पेटी हवाबंद हवी. १९६५ साली बाजारात आलेला एआर-४एक्स हा याच घराण्यातला लहान आणि स्वस्त भाऊ. खालच्या सुरांसाठी आठ इंची वूफर, वरच्यांसाठी अडीच इंची ट्विटर, आणि दोघांनी काम वाटून घ्यायचं ते सुमारे १२०० हर्ट्झवर.

आमच्या गावाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण माझी मोठी चूक त्याच्याशी जोडलेली आहे. नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव. कयाधूच्या काठी मंदिर आहे. आषाढ वद्य एकादशीला, पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्यांची परतवारी इथे भरते. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यामुळे नांदेडला आलेले पंजाबातले भाविकही नरसीला येतात. म्हणजे टाळ, पखवाज, वीणा आणि माणसाचा उघडा गळा, माइकशिवाय, हे ऐकायला मला घरून चालत जाता येतं. हाय-फायचा शौक असलेल्या शहरातल्या माणसाला ही गोष्ट सहजी मिळत नाही. मला ती रोज मिळत होती. पण पेट्या चांगल्या वाजतायत की नाही हे ठरवताना मी मंदिरातला आवाज आठवत नव्हतो. वरातीतल्या डीजेचा आवाज माझ्या कानात होता. छातीत धक्का बसला पाहिजे आणि टाळ कानात टोचले पाहिजेत, एवढीच माझी व्याख्या होती.

सुरुवात ट्विटरपासून झाली. पेट्या आणल्या तेव्हा उजवीतून टाळ ऐकूच येत नव्हते. ट्विटरला कान लावला, काही नाही. ट्विटर गेला, असं मी ठरवून टाकलं. पेटीच्या मागे एक नॉब आहे, ट्विटरचा आवाज कमी-जास्त करण्यासाठी. तो मी नुसता फिरवूनसुद्धा पाहिला नाही. बाजारातून डोम ट्विटरची चकचकीत जोडी आणली. दोन्ही बाजू सारख्या हव्यात म्हणून डावीकडचा चालता ट्विटरही काढला. दुकानदाराने प्रत्येक ट्विटरबरोबर २.५ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर दिला, आपल्या छताच्या पंख्याला असतो तसा. मूळचा २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून मी त्या जागी हा बसवला. जुना आहे म्हणजे वाईट असणार आणि नवा आहे म्हणजे चांगला असणार, यापलीकडे माझा विचार गेला नाही.

कपॅसिटर काय करतो ते इथे सांगतो, कारण नेमका हाच भाग लोक सर्रास बदलतात. ट्विटर नाजूक असतो. खालचे सूर त्याच्याकडे गेले तर तो जळेल, म्हणून कपॅसिटर ते अडवतो आणि वरचे सोडतो. कुठून सोडायचं हे त्याच्या मूल्यावर ठरतं. ट्विटर ८ ओहमचा धरला तर २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण १००० हर्ट्झपासून वाट मोकळी करतो. २.५ मायक्रोफॅरडचा करतो तो जवळजवळ ८००० हर्ट्झपासून. वूफर तर १२०० च्या पुढे मागे सरणार, कारण त्याच्या वाटेत वरचे सूर अडवणारी कॉइल घातलेली आहे. म्हणजे १२०० ते ८००० या सगळ्या पट्ट्यात माझ्या पेट्यांतून धड कुणीच बोलत नव्हतं. माणसाचं बोलणं स्पष्ट होतं ते याच पट्ट्यात. च, त, स, श, ष ही अक्षरं एकमेकांपासून वेगळी कळतात ती इथल्याच आवाजांमुळे.

नवे ट्विटर जोडल्यावर टाळ छमछम वाजायला लागले आणि मी खूश झालो. राम फाटकांच्या चालीतला नामदेवांचा एक अभंग भीमसेनांच्या आवाजात लावला. पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, शब्द कळत नाहीयेत." मी म्हणालो, रेकॉर्डिंग जुनं आहे. जिला कपॅसिटर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तिने रोग अचूक सांगितला होता. नामदेवांच्या गावात नामदेवांचा अभंग लागलाय आणि शब्द पोहोचत नाहीत, यापेक्षा मोठी खूण कुठली हवी होती? मी ती झटकून टाकली.

याच सुमारास मी वूफर 'साफ' केले. वूफरच्या कोनाभोवतीची कड कापडाची होती आणि हाताला चिकट लागत होती. चाळीस वर्षांचा मळ समजून मी ती थिनरच्या बोळ्याने पुसून काढली. वूफर पेटीत बसतो त्या खाचेत करड्या रंगाची चिकणमातीसारखी पुटीन होती, तीही खरवडली. आतली पिवळी काचलोकर हाताला खाजत होती म्हणून काढून टाकली आणि तिच्या जागी शेतातला कापूस भरला. यातली प्रत्येक गोष्ट मी स्वच्छतेच्या भावनेने केली, आणि प्रत्येक वेळी पेटीला लागणारं काहीतरी काढून टाकलं. कापडाच्या विणीतून हवा जाते. ती जाऊ नये म्हणूनच कारखान्यात त्यावर कधीच न वाळणारा चिकट लेप दिला होता. पुटीन होती ती वूफरच्या कडेने हवा निसटू नये म्हणून. कापूस पावसाळ्यात ओलावा धरून खाली बसला आणि वरची अर्धी पेटी रिकामी राहिली.

आता खर्ज पातळ झाला. व्हायचाच होता, कारण स्प्रिंगमधली हवा चहूबाजूंनी गळत होती. मला मात्र वाटलं की पेटीच लहान पडतेय. डीजेच्या मोठ्या पेट्यांना पुढे भोक असतं आणि त्या केवढा खर्ज देतात, हे मी पाहिलं होतं. सुताराला बोलावलं, दोन्ही पेट्यांच्या पाठीला तीन इंची भोक पाडून घेतलं आणि त्यात प्लंबिंगच्या पाइपचा तुकडा बसवला. तो करवतीचा आवाज अजून आठवला की मला वाईट वाटतं. मामांनी त्या पेट्यांवर कधी पाण्याचा पेला ठेवू दिला नव्हता.

भोकाची पेटी वाईट असते असं नाही. जगात हजारो उत्तम स्पीकर भोकाचे आहेत. पण त्यांचे वूफर त्या पेटीसाठी बनवलेले असतात, त्यांची कड तशी ताठ असते, पाइपची लांबी-रुंदी हिशोबाने काढलेली असते. कोणत्या वूफरला कुठली पेटी जुळेल याचं गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्ण केलं. आजही पेट्या बनवणारे बहुतेक जण त्यावरच चालतात. माझा वूफर हवेच्या आधारावर जगणारा होता आणि मी त्याचा आधारच काढून घेतला. खर्ज वाढल्यासारखा वाटला, पण तो एकाच सुराचा घुमार होता. पखवाजाच्या डाव्या पुडीचा कणकेने जड केलेला घुमारदार आघात, ढोलकीचा ठोका, तंबोऱ्याची खर्जाची तार, सगळ्यांतून तोच एक 'हुम्म' यायचा. कोन मात्र डोळ्यांना दिसेल इतका मोकाट हलत होता. मी तो मुलांना बोलावून दाखवायचो.

त्यात खोलीची भर. मुलांचा हात लागू नये म्हणून पेट्या वर, पत्र्याखालच्या फळीवर, दोन कोपऱ्यांत ठेवल्या होत्या. कोपऱ्यात ठेवलेला कुठलाही स्पीकर खर्ज फुगवून देतो. शिवाय आमची खोली दहा बाय बारा फुटांची. अशा खोलीत सुमारे ५६ आणि ४७ हर्ट्झचे सूर भिंती-भिंतींत अडकून गरजेपेक्षा जास्त घुमतात. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, पडदा नाही की सतरंजी नाही. या खोलीत चांगल्यातले चांगले स्पीकरही नीट वाजले नसते. पण खोलीकडे पाहायचं मला सुचलंच नाही, कारण खोली दुकानात विकत मिळत नाही आणि माझं सगळं लक्ष विकत घ्यायच्या वस्तूंवर होतं.

सगळ्यात मोठं नुकसान अँप्लिफायरने केलं, म्हणजे अँप्लिफायर निवडण्यात मी केलेल्या हलगर्जीपणाने. हे स्पीकर तेवढ्याच वॅटमध्ये इतरांपेक्षा कमी आवाज देतात. लहान बंद पेटीतून खोल खर्ज काढायची ती किंमत आहे. त्यांना शांत, ताकदीचा अँप्लिफायर हवा. मी सुटे भाग जुळवून बनवलेला एक स्वस्त अँप्लिफायर घेतला, त्यात २एन३०५५ जातीचे ट्रान्झिस्टर होते आणि बास वाढवायचं बटण होतं. ट्रान्झिस्टर वाईट नव्हे, चांगल्या यंत्रांतही तो वापरला गेला आहे. पण या अँप्लिफायरला स्पीकर वाचवणारा रिले नव्हता. तो असावा लागतो हेही मला माहीत नव्हतं.

परतवारीच्या दिवशी आमच्या ओसरीत एक दिंडी टेकली होती. माऊलींना चहा दिला आणि भीमसेन ऐकवावेत म्हणून आवाज मोठा केला. वीज गेली. परत आली ती चढत्या दाबाने, आपल्याकडे येते तशी. अँप्लिफायरमधला एक ट्रान्झिस्टर आतून जोडला गेला आणि त्याच्या पोटातला थेट डीसी प्रवाह उजव्या वूफरमध्ये शिरला. गाण्याचा प्रवाह उलटसुलट असतो, कोन हलतो आणि त्याला जोडलेल्या कॉइलला वारा लागतो. डीसी आला की कोन एका टोकाला जाऊन अडकतो आणि कॉइल शेगडीसारखी तापत राहते. कोन ताठ पुढे आला, एनॅमल जळल्याचा वास आला, जाळीतून धूर निघाला. वायर उपटेपर्यंत सगळं संपलं होतं. बाहेर बसलेल्यांना वाटलं, वीज पुन्हा गेली.

इथेही थांबलो असतो तर बरं. जळालेला वूफर मी दुकानात दिला आणि त्याच्या बदल्यात थोडी सूट घेऊन गाडीत बसवतात तसा जाड रबरी कडेचा आठ इंची वूफर आणला. भोकं जुळली, स्क्रू बसले, आवाज आला. जुना कुठे गेला ते मी विचारलंही नाही.

त्यानंतर हिंगोलीतल्या एका निवृत्त रेडिओ मेकॅनिक काकांशी ओळख झाली. व्हॉल्व्हच्या काळापासूनची त्यांची सवय अशी की कानाने ऐकल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. घरी आले, एक अभंग पूर्ण ऐकला आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, मूळचे ट्विटर कुठंयत?" ते फेकायचे राहून गेले होते, खिळ्या-मोळ्यांच्या डब्यात पडून होते. काकांनी मल्टिमीटर लावला, मग छोट्या रेडिओची वायर जोडून दोन्ही वाजवून दाखवले.

"हा बोलतोय की."

"मग गेलं काय होतं?"

"मागचा नॉब. आतून हिरवा पडलाय बघा."

त्या काळच्या या पेट्यांचा हा नेहमीचा आजार आहे. नॉबच्या आतली पितळी पट्टी आणि तारेची गुंडाळी यांच्यावर गंज चढतो, ट्विटरपर्यंत वीज पोहोचत नाही आणि लोक ट्विटर मेला असं समजतात. नॉब दोन-चार वेळा इकडून तिकडे फिरवला असता तर खरखर ऐकू आली असती आणि दोष कुठे आहे ते तिथेच कळलं असतं. नॉब उघडून, बारीक पॉलिश पेपरने घासून, काँटॅक्ट क्लीनर मारल्यावर उजवा ट्विटर वाजू लागला. एवढ्याशा कामाऐवजी मी दोन ट्विटर, दोन कपॅसिटर आणि सगळ्या अभंगांचे शब्द घालवले होते.

मूळचे २० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर मात्र मोजल्यावर खरोखर उतरलेले निघाले. एवढ्या वर्षांनी ते उतरतात, ते बदलणं योग्यच असतं. बदलायचे ते त्याच मूल्याचे आणि दोन्ही दिशांना चालणारे. काकांनी ते कुठून आणले असतील? आमच्याच गावातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून. पाण्याच्या लहान मोटारीला लागणारा पॉलिप्रॉपिलीनचा रनिंग कपॅसिटर हा ट्विटरच्या वाटेत छान चालतो. तो आकाराने मोठा असतो आणि महागड्या हाय-फाय कपॅसिटरच्या मानाने अगदी स्वस्त. मूल्य आणि जात बरोबर असली की पुष्कळ झालं, हे त्या दिवशी पक्कं कळलं. सोन्याच्या मुलाम्याच्या वायरी आणि आयात केलेले कपॅसिटर यांच्यावर पैसे घालवणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, पण माझ्या कानाला फरक पडला तो मोटारीच्या कपॅसिटरने.

भोकं प्लायवुडच्या चकत्या गोंदाने बसवून बुजवली, आतून पुटीन दिली. कापूस काढून पुन्हा काचलोकर भरली, या वेळी हातमोजे घालून. कापडी कडेचं काम अवघड होतं, कारण मध्यंतरी खर्ज पातळ झाल्यावर मी तिच्यावर फेविकॉलचा हात फिरवून ती ताठ करून ठेवली होती. कोमट पाण्याच्या ब्रशने तो थर हळूहळू मऊ करून काढला, नंतर ब्युटाइल रबराचा पातळ लेप दिला. पेटी हवाबंद झाली का हे पाहायची सोपी रीत आहे. वूफरचा कोन चार बोटांनी अलगद, सरळ आत दाबायचा आणि सोडायचा. पेटी गळत असेल तर तो झटकन परत येतो. बंद असेल तर सावकाश, जड असल्यासारखा येतो. डावी पेटी सावकाश परत आली तेव्हा काका काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

जोडताना आणखी एक दोष सापडला. उजव्या पेटीच्या वायरी उलट्या होत्या. एक कोन बाहेर येताना दुसरा आत जात होता आणि दोघे एकमेकांचा खर्ज खाऊन टाकत होते. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून कोन कुठे सरकतो ते पाहिलं की हे कळतं. खर्ज कमी पडतोय म्हणून मी पेट्यांना भोकं पाडली होती, त्याआधी हा सेल लावून पाहायला हवा होता.

जागाही बदलली. पेट्या फळीवरून खाली, कानाच्या उंचीला, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणल्या. फरशीवर सतरंजी टाकली. याला काहीच खर्च आला नाही आणि घुमार जवळजवळ गेला. अँप्लिफायर बदलला, त्याला रिले आहे, आणि वीज गेली की आधी त्याचं बटण बंद करायचं हा नियम घरात सगळे पाळतात.

नंतर अकॉस्टिक रिसर्चबद्दल वाचताना एक गोष्ट समोर आली आणि माझी खरी चूक कुठे होती ते कळलं. १९६०च्या आसपास या कंपनीने अमेरिकेत जाहीर मैफली भरवल्या. मंचावर फाइन आर्ट्स क्वार्टेटचे चार वादक आणि त्यांच्या शेजारी कंपनीचे स्पीकर. वादक वाजवता वाजवता मध्येच खरं वाजवणं थांबवत, नुसता गज फिरवल्यासारखं करत, आणि तेवढा भाग आधीच ध्वनिमुद्रित केलेला स्पीकरमधून येई. समोरच्या श्रोत्यांना बहुतेक वेळा हा बदल ओळखता येत नसे. माझ्या घरातली पेटी ज्यांनी बनवली त्यांनी आपलं काम जिवंत वाद्याशेजारी ठेवून पारखलं होतं. मला त्यासाठी सभागृह नको होतं. मंदिरात संध्याकाळी हरिपाठ ऐकायचा, घरी यायचं आणि ध्वनिमुद्रण लावायचं, एवढं पुरलं असतं. पखवाज असा वाजतो का? टाळ आपटल्यावर त्याची आस अशी विरते का? म्हाताऱ्या विणेकऱ्याचा आवाज छातीतून येतो, तसा हा येतोय का? हे तीन प्रश्न मी पहिल्याच महिन्यात विचारले असते तर नवे ट्विटर एका संध्याकाळीत परत गेले असते. भोक पाडायची वेळच आली नसती.

आता मी तसं करतो. डावी पेटी एकटी लावली की भीमसेनांचा शब्द न् शब्द कळतो. पत्नी स्वयंपाकघरातून आता काही म्हणत नाही, कधी कधी सोबत गुणगुणते. पखवाजाच्या डाव्या-उजव्या पुड्या वेगळ्या ऐकू येतात. दोन्ही पेट्या लावल्या की मात्र आवाज उजवीकडे जाड होतो. गाडीचा तो वूफर त्या पेटीचा नाही आणि कधीच होणार नाही. काकांना जळालेल्या वूफरचं सांगितलं तेव्हा ते हळहळले. "कॉइल गुंडाळून दिली असती ओ सर," म्हणाले. "कोन आणि चुंबक तर शाबूत असणार होते."

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. जुने स्पीकर उघडायचे असतील तर उघडा, पण त्यातून निघालेला एकही भाग, जळका, गंजलेला, फाटलेला असला तरी, घराबाहेर जाऊ देऊ नका. प्रत्येकाला चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. आणि मुंबईत, पुण्यात, नांदेडात, कुठेही, अमेरिकेहून परतलेल्या कुणा काका-मामांच्या माळ्यावर एआर-४एक्सचा जळका वूफर पडून असेल, तर तो किलोच्या भावाने भंगारात घालू नका. त्याची कॉइल आजही गुंडाळता येते, पण तो वूफर आता कुणी बनवत नाही.